ओठांवरची साय

ग्राहक तुलना केंद्रातल्या त्या यंत्राचं कागदोपत्री नाव एका दमात म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला आत्याबाई म्हणत. कुणाच्या घरात काय शिजतंय ते दारातूनच वासावर ओळखणारी एक आत्याबाई प्रत्येक घराण्यात असते. हे यंत्र तेच काम करी, फक्त पुराव्यानिशी. मोहरीएवढा थेंब टाकला की चार मिनिटांत त्यात काय आहे, किती आहे आणि ते मुळात कुठून आलं, हे पडद्यावर येई. त्यातलं 'कुठून आलं' हे नवीन होतं, आणि त्यानं भल्याभल्या कंपन्यांची झोप उडवली होती.

आता दुकानात कुठलीही डबी आरशासमोर धरली की आरशातच केंद्राची तुलना-पत्रिका उमटे. वर तारे, मधे घटकांची यादी, आणि खाली 'समजून घ्या' नावाची चौकट. ही चौकट पुण्याच्या कार्यालयात बसून धनश्री रणदिवे लिहायची. वय तेहतीस, शिक्षण रसायनशास्त्राचं, स्वभाव चिवट. चौकटीचा नियम एकच होता: सातवी पास माणसाला वाचून कळलं पाहिजे. बाकीचे लेखनिक तसा माणूस डोळ्यांसमोर आणायची धडपड करत. धनश्रीला त्याची गरज नव्हती. तिची आई मालन सातवी पास होती, मंगळवेढ्याला राहत होती, आणि मुलीची प्रत्येक चौकट फोनवर मोठ्या अक्षरांत लावून, अक्षरांखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचत होती.

वाचून झालं की फोन ठरलेला. "धने, एरंडेल वटाला लावत्यात? आमी तर प्वाट साफ व्हायला देतो की!" किंवा, "हे पॉलिब्युटीन काय असतंय गं? पालिश?" मग धनश्री सांगायची, की ते पेट्रोलपासून काढलेलं एक चिकट पारदर्शक द्रव्य असतं, त्यानंच ओठ ओले दिसतात. आई म्हणायची, "मग असंच लिव की." आणि धनश्री तसंच लिहायची. केंद्रात तिच्या चौकटींचं कौतुक व्हायचं. त्यातलं अर्धं कौतुक मंगळवेढ्याला पाठवायला हवं, हे तिला ठाऊक होतं.

त्या माघात तिच्याकडे लिपग्लॉसची तुलना आली. एकूण अकरा नळ्या होत्या. पहिल्या दहांत नवल करण्यासारखं काही निघालं नाही. तेच एरंडेल, तेच मेण, चमचम करायला अभ्रकाची पूड, ओठ फुगल्यासारखे दिसावेत म्हणून मिरचीचा अर्क. एकीचं झाकण सोनेरी होतं आणि किंमत सोन्यासारखी. आत मात्र सगळ्यांत स्वस्त नळीतलाच माल, बडा घर पोकळ वासा. 'शुद्ध शाकाहारी' म्हणवणाऱ्या एकीतला लाल रंग किड्यांपासून केलेला निघाला. धनश्रीनं त्यावर चार मजेदार ओळी लिहिल्या.

अकरावी नळी होती 'साय'. अधरा नावाच्या कंपनीची. गेल्या दिवाळीपासून हीच नळी कॉलेजातल्या प्रत्येक मुलीच्या दप्तरात होती. हिवाळ्यात फुटलेले ओठ एका रात्रीत लोण्यासारखे होतात, अशी तिची ख्याती होती आणि ती खरी होती. केंद्राच्या चाचणीत ओठांतला ओलावा धरून ठेवण्यात साय पहिली आली. वेष्टनावर घटक लिहिला होता 'बायो-लिपिड कॉम्प्लेक्स'. म्हणजे काय, ते देवाला आणि कंपनीला ठाऊक.

आत्याबाईनं चौथ्या मिनिटाला उत्तर दिलं: नवजात अर्भकाच्या अंगावरचं पांढरं आवरण. जुळणी सत्त्याण्णव टक्के.

धनश्रीला वाटलं, यंत्र धुवायला झालं. तिनं ते धुतलं, नवी नळी फोडली, पुन्हा थेंब टाकला. उत्तर तेच आलं.

मूल पोटात पाण्यात असतं. नऊ महिने पाण्यात राहूनही त्याची कातडी भिजून सुरकुतत नाही, याचं कारण हे आवरण. शेवटच्या तीन महिन्यांत मुलाची कातडी स्वतःच ते तयार करते. मेण, स्निग्धद्रव्यं, थोडी प्रथिनं आणि भरपूर पाणी, असा त्याचा घट्ट लेप असतो. जन्मल्यावर तोच लेप अंगातला ओलावा आत ठेवतो, जंतूंना बाहेर ठेवतो, आणि ओलं अंग वाऱ्यावर एकाएकी गार पडू देत नाही. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या अंगावर तो थोडाच उरलेला असतो. आठव्या महिन्यात आलेल्या मुलाच्या अंगावर मात्र जाड थर असतो, जणू निसर्गालाच माहीत असावं, की याला जास्त लागणार आहे.

केंद्राच्या पद्धतीप्रमाणे कंपनीला खुलासा विचारला. उत्तर दोन दिवसांत आलं, वकिली भाषेत. आम्ही हे द्रव्य उसाच्या मळीवर वाढवलेल्या यीस्टकडून बनवून घेतो. कृपया कार्बनचा तपशील पाहावा.

हा कार्बनचा तपशील म्हणजे आत्याबाईची मुख्य विद्या. कार्बन दोन वजनांचा असतो, हलका आणि किंचित जड. गहू आणि भात हवेतला जड कार्बन फारसा घेत नाहीत. ऊस, मका आणि ज्वारी त्यामानानं जास्त घेतात. माणूस जे खातो त्याचाच बनतो. म्हणून भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटातलं मूलही पोळी खाणारीच्या मुलापेक्षा त्या मापात जड भरतं. सायमधला कार्बन जड होता. उसावरच्या यीस्टला ते लागू पडत होतं. ज्वारीच्या मुलखातल्या आयांनाही लागू पडत होतं.

"मग कंपनीचं म्हणणं मान्य करायला काय हरकत आहे?" कीर्तने सर म्हणाले. हे केंद्राचे संचालक, निवृत्तीला आलेले आणि भांडणाला कंटाळलेले.

"यीस्ट टापटिपीचं असतं, सर. त्याला सांगाल तेवढ्याच सात-आठ प्रकारच्या चरबीच्या साखळ्या बनवतं. यात साठाहून जास्त आहेत, शेपटाला फांद्या फुटलेल्या. इतका पसारा फक्त माणसाचं मूल घालतं."

सरांनी कंपनीचं पत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हे बेकायदा आहे का, ते पाहिलंत?"

तिनं पाहिलं होतं. नियमांत तो 'प्रसूतीचा कचरा' होता, आणि कचऱ्याला मालक नसतो.

त्या दिवशी तिनं आत्याबाईला शेवटचा प्रश्न विचारला: अत्यल्प प्रमाणात आणखी काय आहे? शुद्ध करूनही जे सुटत नाही, असं काही? पडद्यावर चार नावं आली. करडईचं तेल. ओव्यातलं एक द्रव्य. बाळंतशेपेतलं एक. वेखंडातलं एक.

धनश्रीनं चारही नावं पुन्हा वाचली. ओवा सगळेच वापरतात, शेपाही वापरतात. पण करडईच्या तेलात हे तिन्ही तडतडवून, गाळून, कोमट करून तान्ह्या मुलाला लावायचं ही तिच्या आईची रीत होती. त्या वासाच्या पदराखाली ती लहानाची मोठी झाली होती. मालनबाई गेली तीस वर्षं मंगळवेढ्यात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत होत्या, आणि त्याच न्हाऊ घालण्यावर मुलगी रसायनशास्त्र शिकली होती.

ती शनिवारच्या पहिल्या गाडीनं मंगळवेढ्याला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. आई घरी नव्हती. नव्या प्रसूतिगृहात होती. तिथं तिला आता नोकरीच होती.

काचेआडून धनश्रीनं पाहिलं. आईनं पांढरा कोट घातला होता आणि डोक्याला टोपी. समोरच्या टेबलावर जेमतेम दीड किलोचं मूल होतं. आई तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्याच्या पाठीवरून हलकेच फिरवी, पांढरा थर अलगद उचले, बोळा शेजारच्या थंड पेटीतल्या नळीत टाके आणि दुसरा घेई. काखा, जांघा, कानामागची घडी, बोटांच्या बेचक्या, काही सुटत नव्हतं. धनश्रीनं बोळे मोजले. अठरा झाले. मूल उघडंच होतं. सुरुवातीला ते ठणाणा रडत होतं, बाराव्या बोळ्यानंतर ते नुसतं ओठ हलवायला लागलं.

मग आईनं त्याला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर नेऊन त्याच्या आजीच्या हातात दिलं. आजी खुलली. "आगं बया, कसं लखलखीत केलंय!"

"पांढरं ऱ्हायलं की लोक म्हनत्यात बाईनं नीट न्हाणलं न्हाई," आई धनश्रीला सांगत होती. दोघी प्रसूतिगृहाच्या मागच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. "आदी ते पान्यात जायाचं, मोरीत. आता त्येचं सोनं हुतंय बघ."

"कसलं सोनं?"

"ऊब परकल्प म्हनत्यात. काचंच्या पेटीत ठिवत्यात न्हवं कमी दिसांची लेकरं, त्यांच्या अंगाला लावायचं मलम करत्यात ह्येचं. पुन्याहून बाई आल्या हुत्या सांगाय. मला कागुद दिलाय, चौकटीत घालून. तालुक्यातल्या नऊ बायांना मीच शिकवलंय." आईच्या चेहऱ्यावर असं तेज धनश्रीनं कधी पाहिलं नव्हतं. "आन कमी दिसांच्या लेकरांचंच जास्त मागत्यात. त्येंच्यावर लई असतंय. म्हंजे एकाचं दुसऱ्याच्या कामी येतंय."

धनश्रीनं कसंबसं विचारलं, "आणि ज्याचं काढून घेतलं, त्याला गार नाही लागत?"

"हीटर हाय की खोलीत. डॉक्टर म्हनले, भाईर आल्यावर त्येचा उपेग न्हाई." पुढचं ती हळू आवाजात बोलली. "तुझ्या बापूच्या टायमाला आसलं काय असतं तर!"

बापू म्हणजे धनश्रीचा थोरला भाऊ. छत्तीस वर्षांपूर्वी, पौषात, वस्तीवरच्या घरात, सातव्या महिन्यात जन्मला आणि दुपारपर्यंत गेला. आई ही गोष्ट वर्षातून एकदा सांगायची आणि नेहमी एकाच वाक्यावर थांबायची: न्हाऊन-माखून कसा गोरापान दिसत हुता. डॉक्टर म्हणाले होते, दिवसच कमी भरले होते. आईनं ते मान्य केलं होतं, आणि त्याच मान्यतेवर तिनं बाकीचं आयुष्य रेटलं होतं.

धनश्रीला तिथंच सगळं सांगून टाकायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ काय येणार, तेही तिला दिसत होतं. आई एकेक पायरी मागं जाणार. या मुलावरून त्या मुलावर, तिथून त्याआधीच्या, आणि अखेर वस्तीवरच्या त्या घरात पोचणार. न्हाऊन-माखून गोरापान. माणसाला सत्य कळलं पाहिजे, हे केंद्राचं ब्रीदवाक्य होतं. पण ते ज्यानं लिहिलं त्याला कट्ट्यावर शेजारी बसलेली आई दिसत नव्हती.

"आई, हे काम सोड," ती एवढंच म्हणाली. "पुण्याला चल माझ्याकडे."

"आन ही लेकरं?" आई हसली. "येडी का काय तू!"

पुण्याला परतल्यावर धनश्री चौकट लिहायला बसली. नियमाप्रमाणे घटक, उगम आणि कार्य या तिन्ही गोष्टी लिहिणं भाग होतं. खोटं लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं. पण खरं लिहायच्याही दोन तऱ्हा असतात, हे तिला त्या दिवशी उमगलं. आजवर ती कठीण शब्द मोडून सोपे करत आली होती. त्या दुपारी तिनं सोपे शब्द गोळा करून त्यांचे कठीण शब्द केले.

तिनं लिहिलं: 'नवजात-त्वगावरणजन्य संमिश्र स्निग्ध. उगम: मानवी, प्रसूतिकालीन उत्सर्ग. कार्य: बाष्परोधन.'

एकेक शब्द खरा होता, आणि सातवी पास बाईला त्यातला एकही कळला नसता. त्याचसाठी तिनं ते केलं होतं.

कीर्तने सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "रणदिवे, आज एकदम संस्कृतातून?"

"वकिली प्रकरण आहे, सर. अचूक शब्द बरे."

"यात खोटं काही नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. कळणाऱ्याला कळेल." त्यांनी सुटकेचा श्वास टाकून सही केली. कंपनीचे वकील आठवडाभर त्यांचं डोकं खात होते.

पत्रिका प्रसिद्ध झाली. कळणाऱ्यालाही कळलं नाही, कारण कुणी तिथपर्यंत वाचलंच नाही. लोकांनी वरचे तारे पाहिले. ओलावा: पहिला क्रमांक, साय. पंधरा दिवसांत दुकानांतल्या नळ्या संपल्या. अधरा कंपनीनं केंद्राचे आभार मानले आणि 'नवजात-त्वगावरण स्निग्धानं युक्त' हे शब्द आपल्या जाहिरातीतच घालून टाकले. एक गोड चेहऱ्याची मुलगी ते अडखळत म्हणे आणि हसे. लोकांना वाटलं, आयुर्वेदातलं काही असावं.

आईचा मात्र फोन आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एका चौकटीवर तिला शंका नव्हती. धनश्रीला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढं फार लाज वाटली, पण तेव्हा वाटलं ते खरं.

मनाशी तिनं एक सोय लावून ठेवली होती. केंद्राकडून आरोग्य खात्याला पत्र गेलं होतं. खातं चौकशी करील, प्रकल्प बंद पडेल, आईला कुणीतरी वेगळंच कारण सांगेल. पत्राचं उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं.

चैत्र निम्मा सरला. एका दुपारी धनश्री जेवायच्या सुट्टीत असताना फोन वाजला. आईच होती; कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे.

"आई? काय झालं?"

"धने, एक लेकरू गेलं गं. सकाळी."

धनश्रीनं डबा बाजूला सारला.

"आठवा लागला हुता. लई पांढरं हुतं त्येच्यावर. मला पंचवीस बोळं लागलं. हीटर लावल्याला हुता, त्याल कोंबट हुतं, समदं नीट केलं मी. आन हातातच गार पडत गेलं बघ. भाईर येवढं रखरखीत ऊन आन लेकरू गार. डॉक्टर म्हनले, दिस कमी हुते. धने, तू त्या शास्त्रातली हायस. दिस कमी हुते म्हनून गार पडतंय का गं?"

धनश्रीला त्यावर हो म्हणता आलं असतं. एका अक्षराचं काम होतं. तिनं तोंड उघडलंही.

"मी येते," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत ती पोचली. आई घराच्या पायरीवर बसली होती. पांढरा कोट तिनं काढला नव्हता. शेजारच्या बायका येऊन, समजूत घालून गेल्या होत्या. धनश्री पायरीवर तिच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सायची नळी, आत्याबाई, करडईचं तेल, ओवा, शेपा, वेखंड. मलम कुठलंच नव्हतं, ते पुण्या-मुंबईच्या मुलींच्या ओठांवर होतं. तो थर म्हणजे मळ नव्हे. मुलाचं पांघरूण होतं. त्या एकट्या कारणानं मूल गेलं असं कुणालाच छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, हेही तिनं सांगितलं. पण उघड्या अंगानं पंचवीस बोळे, आणि वर लगेच न्हाऊ. तिनं काही गाळलं नाही. सांगताना तिचा आवाज केंद्रातल्यासारखा सरळ होता, कारण तो तसा ठेवला नसता तर तिला बोलताच आलं नसतं.

सगळं ऐकून झाल्यावर आईनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"माघात."

"आन तू ते लिवलंस?"

"लिहिलं."

"ते नव त्व का काय, त्येच व्हय ते?" आईनं मान हलवली. "मी वाचलं हुतं. चार बार वाचलं. मग शाळंतल्या गुरुजींना नेऊन दावलं. ते म्हनले, कातडीचं औशीद असंल. मला वाटलं, पोरगी आता मोठ्या मानसांसाठी लिवाय लागली. आपुन कशाला इचारून तिचा टाइम घ्यायचा. म्हनून फोन केला न्हाई."

"तुला कळू नये म्हणून तसं लिहिलं, आई," धनश्री म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "बापूचं तुझ्या मनात येऊ नये म्हणून."

आई तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"बापूला मीच पुसला," ती म्हणाली. "बाजंवर पडल्या पडल्या, ह्या हातानं. सासू म्हनली, आसलं घान लेकरू पदराखाली घिऊ नगंस. पुसत हुते तवाच गार लागाय लागला हुता. मला तवाच कळलं हुतं गं. डॉक्टर म्हनला दिस कमी हुते, मग मी बी लोकांना तेच सांगितलं. पर हाताला समजतंय की. छत्तीस वर्सं ह्या हाताला ठावं हाय."

रस्त्यावरून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"पूस म्हयना हुता, वस्तीवर वारं हुतं, म्हनून थंडी बाधली आसं मी धरून चालले. हितं तर हीटर हाय. आन वाटलं, बापूचं पुसून मोरीत गेलं, आता ह्यांचं तरी कुना लेकराला उबंला जातंय. तेवढ्यासाठी करत हुते मी." मग ती फार शांतपणे म्हणाली, "तू सरळ लिवलं असतंस तर मी माघातच थांबले असते, धने. मला रडू आलं असतं, दोन दिस जेवले नसते. पर थांबले असते."

माघापासून चैत्रापर्यंत आईच्या आणि त्या नऊ बायांच्या हातांखालून किती मुलं गेली असतील, याचा हिशेब धनश्रीच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. आपण आईला एका दुःखापासून वाचवायला निघालो, ते दुःख आई आपल्या जन्माआधीपासून सोसत होती, आणि वाचलं कुणीच नाही.

"फोन काढ," आई म्हणाली.

"कशाला?"

"लिव. आत्ता, हितं बसून. मी सांगते तसं न्हाई, तू लिवतीस तसं. पयल्यावानी."

धनश्रीनं फोन काढला. कीर्तने सर सही करतील की नाही, नोकरी राहील की जाईल, हे प्रश्न मनात आले आणि गेले. तिनं लिहायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्य झालं की ती वाचून दाखवी, आणि आई मान हलवी किंवा हलवत नसे. 'साय या लिपग्लॉसमध्ये नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचा पांढरा थर आहे. तो मळ नाही. त्यानं बाळाच्या अंगात ऊब राहते. तो पुसून काढला तर बाळ गार पडू शकतं. मंगळवेढा तालुक्यात असं एक बाळ...'

"त्याचं नाव काय होतं, आई?"

"नाव कुठलं. बारसं व्हायला दिस तर मिळाय पायजेत." मालनबाईंनी दोन्ही हात कोटाला पुसले. "माझं घाल. मालन रणदिवे. कुनी पुसलं ते लिव."

धनश्रीनं ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. आईनं फोन आपल्या हातात घेतला, अक्षरं मोठी केली आणि बोट फिरवत पहिल्या शब्दापासून स्वतः मोठ्यानं वाचायला लागली.